चेंगराचेंगरी कोण करतं?

इंग्रज माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रांगेत शिस्तीत उभा राहणारा आणि धक्का लागला तरी स्वतःच 'सॉरी' म्हणणारा प्राणी येतो. पण त्याचा शब्दकोश उघडून बघा. आपल्याकडे नातेवाइकांना जेवढे शब्द आहेत, तेवढे त्याच्याकडे भांडणाला आहेत. दोन-चार माणसं एकमेकांच्या अंगावर गेली की ब्रॉल, स्कफल, अफ्रे, मेले, रकस, डस्ट-अप, पंच-अप, फ्री-फॉर-ऑल. माणसं वाढली की मॉब, रॅबल, ट्यूमल्ट, रायट, स्टँपीड. थिसॉरसमध्ये हे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात, जणू कुठलाही उचला आणि बातमीला लावा.

माझं म्हणणं असं की कुठलाही उचलून लावता येत नाही. यातला प्रत्येक शब्द स्वतःबरोबर एक छोटासा निकाल घेऊन येतो. गर्दीत कोण होतं, चूक कुणाची, पैसे कुणी भरायचे, हे त्या शब्दात आधीच ठरलेलं असतं. आपण वाचतो, चुकचुकतो आणि पुढच्या पानावर जातो. निकाल लागलाय हे कळतही नाही. आजचा विषय तो आहे, पण आधी थोडी गंमत, कारण हे शब्द खरंच गमतीचे आहेत.

'मेले' घ्या. मराठी कानाला जरा अशुभ वाटतो, पण मूळ फ्रेंच अर्थ 'मिसळलेलं' एवढाच. दोन सैन्यं हातघाईवर येऊन एकमेकांत मिसळली की मेले. त्याच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे ते आणि संस्कृतमधलं 'मिश्र' ही एकाच घरातली भावंडं. म्हणजे मेले आणि आपली मिसळ हे लांबचे नातेवाईक झाले. रविवारी सकाळी पुण्यातल्या एखाद्या नावाजलेल्या मिसळवाल्याच्या दारात उभं राहिलं की हे नातं अजून टिकून असल्याची खात्री पटते :-)

'मॉब'चा जन्म आळसातून झालाय. लॅटिनमध्ये 'मोबिले वल्गस' म्हणजे चंचल प्रजा, वारा येईल तशी पाठ फिरवणारी. सतराव्या शतकात लंडनकरांनी आधी त्याचं नुसतं 'मोबिले' केलं आणि मग 'मॉब'. जोनाथन स्विफ्टला असल्या कापाकापीचा भयंकर राग. १७१० साली 'टॅटलर'मध्ये त्यानं तक्रार केली की हा शब्द रोखायला मी काही वर्षं धडपडतोय, पण संख्याबळापुढे माझं काही चालत नाही. म्हणजे मॉब हा शब्द मॉबनंच भाषेत घुसवला. आता बोला! पण तो लॅटिन अर्थ विसरू नका. मॉब म्हणणारा माणूस नुसती संख्या सांगत नसतो, 'यांना स्वतःची अक्कल नाही' असंही सांगत असतो. आणि तो स्वतः त्या गर्दीत कधीच नसतो. तो वर माडीवर.

'अफ्रे' हा कोर्टातला शब्द. त्याचा मूळ अर्थ घाबरवणं, आणि 'अफ्रेड' हे त्याचंच एक रूप. म्हणजे अफ्रेमध्ये महत्त्व मारामारी करणाऱ्या दोघांना नाही, बघून घाबरणाऱ्या तिसऱ्याला आहे. कायद्यानंही हे धरून ठेवलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत (आणि त्याआधी १८६० च्या दंडविधानातही) सार्वजनिक ठिकाणी दोन माणसांनी मारामारी करून शांतता भंगली तर अफ्रे, कलम १९४. पाच माणसं बेकायदा हेतूनं जमली तर अनलॉफुल असेंब्ली, कलम १८९. त्यातल्या कुणीही त्या हेतूसाठी बळ वापरलं की रायटिंग, कलम १९१. प्रोग्रॅमरला आवडेल असं स्वच्छ इफ-एल्स आहे हे. इंग्लंडमध्ये मात्र १९८६ च्या पब्लिक ऑर्डर अॅक्टप्रमाणे रायटला किमान बारा माणसं लागतात. म्हणजे सात जणांची तीच दगडफेक इकडे रायट, तिकडे नाही.

हा बारा आकडा जुना आहे. १७१५ मध्ये लागू झालेल्या रायट अॅक्टप्रमाणे बारा किंवा जास्त माणसं दंगा करत असतील तर अधिकाऱ्यानं राजाच्या नावानं एक घोषणा वाचून दाखवायची आणि तासाभरात पांगायला सांगायचं. तासानंतर जे तिथं सापडतील त्यांना देहदंडापर्यंत शिक्षा. आज घरोघरी आया मुलांना 'रायट अॅक्ट वाचून दाखवतात', तो वाक्प्रचार इथला. आपल्याकडे त्याचा नातू म्हणजे जमावबंदी.

आणि या शब्दाला पैसे जोडलेले आहेत बरं का. इंग्लंडच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार रायटमध्ये मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाई पोलीस खात्याच्या तिजोरीतून द्यावी लागे. ऑगस्ट २०११ मध्ये लंडनला दंगे झाले, एनफिल्डमधलं सोनीचं गोदाम जळलं, आणि विमा कंपन्या कोर्टात गेल्या. वाद कशावर? तर गोदामात घुसलेली पोरं 'ट्यूमल्च्युअस' होती की नव्हती यावर! पोलिसांच्या बाजूचं म्हणणं असं की ही साधी ठरवून केलेली चोरी आहे, ट्यूमल्ट नव्हे. न्यायाधीशांनी ते मानलं नाही. एका विशेषणावर केवढी रक्कम टांगलेली असू शकते बघा.

याचं आपलं उदाहरण म्हणजे १८७५. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. त्यांना हवी होती कर्जाची खतं, आणि बहुतेक ठिकाणी ती मिळवून जाळण्यावरच त्यांचा भर होता. माणसांना इजा त्या मानानं फार थोडी. कुठला कागद जाळायचा हे ज्या गर्दीला बरोबर ठाऊक आहे, ती बिनडोक कशी? पण सरकारी दप्तरात ते 'डेक्कन रायट्स' झाले आणि आम्ही शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून पाठ केले. काही पुस्तकांत 'उठाव' असतो. दंगा म्हटलं की पोलीस आठवतो, उठाव म्हटलं की व्याजाचा दर आठवतो. घटना तीच.

आता दुसरी एक खोड बघा. अव्यवस्थेला नाव देताना इंग्रजी हटकून दुसऱ्याच्या घरात जाते. 'डॉनिब्रुक' म्हणजे प्रचंड मारामारी, कारण डब्लिनजवळच्या डॉनिब्रुकची जत्रा त्यासाठी बदनाम होती (१२०४ पासून चाललेली ही जत्रा १८५५ साली बंद झाली). 'हूलिगन' १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांतून पसरला, आणि तेही बहुधा एक आयरिश आडनाव. 'ठग' आणि 'लूट' आपल्याकडून गेले. लुटीचा माल त्यांचा, शब्द आपला! मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसैन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानात शिरून 'हॉब्सन-जॉब्सन' झाला, आणि त्याचा अर्थ झाला नेटिवांचा गोंगाट. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला तेच नाव दिलं. आतल्या माणसासाठी जो शोक, तो बाहेरच्यासाठी कलकलाट.

इथपर्यंत गंमत. आता स्टँपीड.

हा शब्द मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून एकोणिसाव्या शतकात अमेरिकी इंग्रजीत आला. अर्थ: गुरांचा किंवा घोड्यांचा कळप बुजून उधळणं. म्हणजे जनावरं, ती घाबरलेली, आणि पळतायत. या तिन्ही गोष्टी शब्दात पक्क्या बसलेल्या आहेत. आता आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतले मथळे आठवा. देऊळ, स्टेशन, सभा, स्टेडियम. माणसं मेली की स्टँपीड. २ जुलै २०२४ हाथरस, १२१ मृत्यू. ४ जून २०२५ बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम, ११ मृत्यू. शब्द तोच.

आणि खरं काय घडतं? जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं यावर बरंच काम करून ठेवलंय. एका चौरस मीटरमध्ये साधारण सात माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. तिच्यातून लाटा जातात, आणि त्या लाटेत माणसाचे पाय जमिनीवरून सुटतात. आपण कुठं जायचं हे माणसाच्या हातात राहत नाही. मृत्यू बहुतेक वेळा पायाखाली तुडवून होत नाहीत, ते छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यानं होतात. कित्येक जण उभ्या उभ्या जातात. मागच्याला पुढचं दिसत नाही, पुढच्याला मागं सरकता येत नाही. इथं कुणी उधळलेलं नसतं. उधळायला जागा लागते, आणि जागाच तर नसते!

मराठीत आपण एक पाऊल पुढं गेलोय. मारामारी, ढकलाढकली, रेटारेटी, गुद्दागुद्दी, झोंबाझोंबी ही घडण 'एकमेकांना' हा अर्थ सांगते. याची परंपरा थेट पाणिनीपर्यंत जाते. एकमेकांचे केस धरून भांडण म्हणजे केशाकेशि, काठ्यांनी केलेलं म्हणजे दण्डादण्डि, आणि अष्टाध्यायीत अशा समासासाठी स्वतंत्र सूत्र आहे. (पळापळ, धावाधाव यांत 'एकमेकांना' नाही, मान्य.) आता चेंगराचेंगरी या शब्दाकडे बघा. कोण कुणाला चेंगरतं? सगळे सगळ्यांना. कर्ताही तेच, कर्मही तेच. तिसरा कुणी वाक्यात नाहीच. ज्यानं दार बंद ठेवलं, ज्यानं पूल अरुंद बांधला, ज्यानं एका मैदानासाठी दहा मैदानांची माणसं बोलावली, त्याला व्याकरणानंच जामीन देऊन टाकला.

तुम्ही म्हणाल, शब्दानं काय होतं, चौकशी तर होतेच ना? होते. पण ती कुठून सुरू होते ते शब्द ठरवतो. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षक चिरडले गेले. एकूण ९७ मृत्यू. पोलिसांनी सांगितलं की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी दार तोडलं. प्रत्यक्षात बाहेरची गर्दी आवरेना म्हणून दार उघडायचा हुकूम पोलिसांचाच होता, आणि आत आलेल्यांना आधीच भरलेल्या पिंजऱ्यांकडं जाण्यापासून कुणी वळवलं नाही. पण हूलिगन हा शब्द तयार होता. 'सन'नं दारुड्या प्रेक्षकांच्या खोट्या कहाण्या पहिल्या पानावर छापल्या. या मृत्यूंना प्रेक्षक जबाबदार नव्हते, ही माणसं बेकायदेशीरपणे मारली गेली, हे ज्यूरीकडून वदवून घ्यायला नातेवाइकांना २६ एप्रिल २०१६ पर्यंत लढावं लागलं. सत्तावीस वर्षं. एका तयार शब्दाविरुद्ध.

आणि एल्फिन्स्टन रोड. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ, जोराचा पाऊस, एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणारा अरुंद पादचारी पूल, २३ मृत्यू. त्या वेळी एक हकिकत पेपरात आली होती. फुलवाल्याची फुलं पडली, कुणीतरी 'फूल गिर गया' म्हणालं, लोकांना 'पूल गिर गया' ऐकू आलं. खरी असेल किंवा नसेल, पण ती लगेच पसरली, कारण ती स्टँपीड या शब्दात फिट्ट बसते. अफवा, घाबरलेली माणसं, उधळलेला कळप. रेल्वेच्या चौकशीत खापर फुटलं ते जोरदार पावसावर. सप्टेंबरात, मुंबईत, पाऊस!

गंमत (खरं तर गंमत नाही) अशी की रेल्वेला योग्य शब्द ठाऊक आहे. लोकलच्या डब्यातल्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असं रीतसर नाव आहे: चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी. (डबा भरला की भरला, मागून आणखी हजारांचा रेटा त्याला लागत नाही, म्हणून तिथं निभावतं.) म्हणजे डब्यात जिवंत आहात तोवर तो क्रश, आणि पुलावर मेलात की स्टँपीड. पुढं लष्करानं तिथं नवा पूल बांधला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. पाच महिन्यांत. औषध पुलाचंच होतं, कान साफ करण्याचं नव्हे.

नावाची लढाई महाराष्ट्रात याआधीही झालीय. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. पोलिसांचा लाठीमार झाला, कोंडलेल्या गर्दीत ११४ माणसं गेली, त्यात बायका-मुलं खूप. इंग्रजीत त्याची नोंद 'गोवारी स्टँपीड' अशी सापडते. गोवारी समाज 'गोवारी हत्याकांड' म्हणतो. दोन्ही नावं एकाच दिवसाची. एकात गुरं उधळली, आणि तेही पिढ्यान्पिढ्या गुरं राखणाऱ्यांच्या बाबतीत म्हणायचं. दुसऱ्यात कुणीतरी मारलं. यातलं एक नाव घेतल्याशिवाय तुम्हाला त्या दिवसाबद्दल बोलताच येत नाही.

आता आमच्या धंद्यातलं सांगतो. सॉफ्टवेअरमध्येही स्टँपीड असतं. एखादी लोकप्रिय माहिती तात्पुरती साठवून ठेवलेली असते, तिची मुदत संपते, आणि त्याच क्षणी हजारो रिक्वेस्ट एकदम डेटाबेसवर कोसळतात. तो आडवा होतो. याला म्हणतात 'कॅश स्टँपीड'. याचाच भाऊ 'थंडरिंग हर्ड': एका घटनेची वाट बघत झोपलेल्या शेकडो प्रोसेस एकदम जाग्या होतात, काम मिळतं एकीला, बाकीच्या नुसती झुंबड करतात. नावं तीच, जनावरांची. पण नंतर जो अहवाल लिहिला जातो त्यात 'रिक्वेस्ट बेशिस्त होत्या' असं वाक्य मी आजवर वाचलेलं नाही. 'काही रिक्वेस्टनी अफवेवर विश्वास ठेवला' हेही नाही. लिहितात काय, तर सगळ्यांची मुदत एकाच वेळी संपेल अशी रचना का केली, दाराशी रांग का नव्हती, आत किती मावतात हे कुणी मोजलं होतं का. उपायही तसेच: वेळा थोड्या मागंपुढं करा, एकालाच आत सोडा, क्षमता संपली की बाहेरच 'थांबा' म्हणा. च्यायला, जड वस्तूच्या बाबतीत आपल्याला हे चटकन कळतं आणि माणसांच्या बाबतीत कळत नाही!

याचा अर्थ गर्दी नेहमी निष्पाप असते असं मी म्हणत नाहीये. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच माणसांना ठेचून मारलं. पण तिथंही शब्दानं घोळ केलाच. 'जमावानं मारलं.' जमावाला नाव नसतं, गाव नसतं, हात नसतात. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं यात सात जणांना जन्मठेप दिली तेव्हा जमाव म्हणजे कोण ते कळलं: नाव, पत्ता असलेली सात माणसं. आपण ज्याला मॉब लिंचिंग म्हणतो त्याचं न्याय संहितेतलं कलम १०३ बघा. त्यात मॉब हा शब्द नाही, 'पाच किंवा अधिक व्यक्तींचा गट' असं आहे. मला हे आवडलं. व्यक्ती मोजल्या की जबाबदारी मोजता येते.

म्हणजे गणित असं दिसतं: जिथं माणसांनी खरंच कुणाला मारलं तिथं 'जमाव' म्हणून त्यांना सोडायचं, आणि जिथं माणसं बिचारी कोंडून मेली तिथं 'चेंगराचेंगरी' म्हणून त्यांनाच धरायचं. बरोबर उलटं.

इंग्रजीत निदान थोडी हालचाल आहे. २९ ऑक्टोबर २०२२ ला सोलच्या इटेवोनमधल्या एका चिंचोळ्या गल्लीत माणसं चिरडली गेली, तेव्हा पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून 'क्राउड क्रश' हा शब्द ठळकपणे दिसला. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं अजून गुरंच हाकतायत.

मराठीत काय करावं? नवा बोजड शब्द पाडायची गरज नाही असं मला वाटतं. 'कोंडी' आहे की आपल्याकडे. वाहतूक कोंडी झाली की कुणी म्हणत नाही की गाड्यांनी गाड्याकोंबी केली. लगेच विचारतात, सिग्नल बंद होता का, रस्ता खणलाय का, उड्डाणपूल कधी होणार. तो शब्दच प्रश्न रस्त्याकडं वळवतो. मग माणसांसाठी 'गर्दीकोंडी' म्हणायला काय हरकत आहे? 'गर्दीकोंडीत अकरा जणांचा मृत्यू.' वाचा बरं मोठ्यानं. कुणी कोंडलं, असा प्रश्न आपोआप येतो की नाही?

शब्द पसंत नसेल तर राहू द्या, स्विफ्टसारखं मलाही संख्याबळापुढे झुकावं लागेल. पण पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल (आणि वाचाल, हे दुर्दैवानं नक्की), तेव्हा अफवा कुणी पसरवली ते शोधण्याआधी बातमीत दोन आकडे शोधा: जागा किती मीटर रुंद होती, आणि बाहेर पडायची दारं किती उघडी होती. आकडे नसतील तर बातमी अपुरी आहे असं खुशाल समजा.